साठ दिवसांची तोफ

गावभाग, सांगली
५ जानेवारी २०२५

स्वस्ति श्री. सकल-श्वान-मंडलाधीश्वर, भुंकार-विद्या-विशारद, शृंखला-पट्ट-चर्मबंध-नियामक, सैन्यदलीय-श्वानपथक-भूषण, सांप्रत लोणंद रस्त्यावरील पत्र्याच्या सहा खोल्यांचे सार्वभौम चक्रवर्ती, हवालदार (निवृत्त) आप्पासो शिंगटे यांच्या चरणांशी, म्हणजे चरणांपासून सुरक्षित अंतरावर, सांगलीनिवासी, विभक्तिप्रत्ययांचा आजन्म सेवक, रक्तदाबाचा उदार आश्रयदाता मुकुल गोविंद आठल्ये याचा साष्टांग नमस्कार वगळून इतर सर्व शिष्टाचार.

विनंती विशेष. आपल्या अनाथालयातून माझी कन्या ज्ञानदा हिने दोन तारखेस जे चतुष्पाद आणले, त्यासंबंधी हे पत्र आहे. कन्या चार तारखेस पुण्यास नोकरीवर परतली. चतुष्पाद परतले नाही. 'बाबा, तुम्हाला सोबत होईल,' असे ती जाताना म्हणाली. मला सोबतीची उणीव आहे असे मी कधीही, कोणाजवळही, तोंडी वा लेखी म्हटलेले नाही. तीस वर्षे मी शाळेत संस्कृत शिकवतो. एकांताची मला सवय आहे, आणि ती विद्यार्थ्यांनीच लावली.

आपला करार वाचला. कुत्री साठ दिवस आमच्याकडे. दर पंधरवड्यास स्वहस्ते पत्र. मोबाइलवरील चित्रफिती बाद. साठाव्या दिवशी एक तर स्वाक्षरी, नाही तर परती. परतीचा अर्जही आपण आगाऊ जोडला आहे. संपूर्ण कागदपत्रांत दूरदृष्टीची खूण तेवढीच.

पहिल्या दिवशी तिने माझ्या अंगावर उडी घेतली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी मोजणे सोडले. मी तिला दोन्ही हातांनी ढकलतो व 'दूर हो' असे सुस्पष्ट उच्चारात सांगतो. ती त्याचा अर्थ 'पुन्हा ये' असा लावते. माझ्या नववीच्या वर्गाचे आकलन याहून फार वेगळे नाही, परंतु ती मुले निदान चष्मा चाटत नाहीत. पत्नी श्रद्धा हसते. हसणे हाच तिचा या प्रकरणातील एकमेव सहभाग.

कुत्रीचे नाव तोफ आहे असे कळले. ज्याने ठेवले त्याच्या प्रतिभेविषयी मौन बाळगतो.

साठ दिवसांचे सहा दिवस करता येतात काय, ते कळवावे.

ता.क. ज्ञानदाने आपणास ज्या स्टीलच्या डब्यातून भडंग दिले, तो डबा माझ्या कैलासवासी मातोश्रींचा आहे. झाकणावर 'गोदावरी गो. आठल्ये' असे कोरलेले आहे. झाकणासह परत व्हावा.

---

सातारा
१० जानेवारी २०२५

आठल्ये मास्तरांस रामराम.

पत्र पोचलं. निम्मं कळलं. मी बोलतो तसंच लिहितो, लाल शाई घेऊन बसू नका.

नाव मीच ठिवलंय. 

फौजेत बावीस वर्सं कुत्री शिकवली. कुत्रं शिकवाय सोपं. माणूस शिकवाय लय अवघड, आणि त्यातनं मास्तर म्हंजी तर इचारूच नगा. व्हिडिओ का बाद केलं ते सांगतो. लोक पाच सेकंदाचा व्हिडिओ धाडत्यात. पाच सेकंद कुटलं बी कुत्रं शाणंच आसतं. पत्र लिहाय बसलं की माणसाला खरं आठवतं.

तोफ पयल्यांदा गेली लोणंदच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडं. महिन्यात परत. मग कराडला एका इंजिनेराकडं, तिसऱ्या मजल्याव फ्लॅट. अकरा दिवसात परत. दोघं बी म्हणाले, "लय अंगाव येती." आता तिसऱ्यांदा परत आली तर मी तिला कुणाकडं बी देणार न्हाई. नियम माझाच हाय, पर उगाच केल्याला न्हाई. तीनदा परत आल्यालं कुत्रं हितं हाय एक. राजा त्याचं नाव. दार उघडं ठिवलं तरी भाईर येत न्हाई. खातं, पितं, भितीकडं तोंड करून बसतं. माणूस आला तर मान वळवत न्हाई. तुमाला दावलं आसतं, पर त्या दिवशी तुमी गाडीतनं उतरलाच न्हाई. काच बी खाली केली न्हाई.

आता कामाचं. ती उडी मारती आन तुमी ढकलता. तिला वाटतं गडी खेळतोय. ढकलायचं न्हाई, वराडायचं न्हाई, बघायचं सुदिक न्हाई. पाठ फिरवायची आन खांबासारकं हुबं ऱ्हायचं. चारी पाय भुईला लागलं की मग बोला. रोज सकाळी पाऊण तास चालवा; तिनं वढलं की थांबा. आन दिवसातनं एक डाव तुमच्या हातचं खाणं. जागा तीच, टाइम त्योच, शब्द त्येच. शब्द कंचं बी चालत्यात. आमच्या युनिटात एक जवान भाकरी देताना शिव्या द्यायचा. शिवी ऐकली की कुत्रं शिस्तीत बसायचं.

साठाचं सा हुत न्हाईत. डबा घासून ठिवलाय. सांगलीकडं कोण चाललं की धाडतो.

आप्पासो शिंगटे

---

गावभाग, सांगली
२२ जानेवारी २०२५

स्वस्ति. उपेक्षा-शास्त्र-प्रवर्तक हवालदारसाहेब यांस,

आपले पत्र तपासले नाही. शाई पुरली नसती.

परंतु त्यातील उपाय वाचून आयुष्यात प्रथमच माझ्या स्वभावास शास्त्राधार मिळाला. दुर्लक्ष, अनास्था, पाठ फिरवणे या विद्येत मी आपला शिष्य नव्हे, आचार्य आहे. या पद्धतीने मी आजवर दोन मुख्याध्यापक, एक मेहुणा आणि उभी गल्ली हाताळली. कुत्र्यांनाही ती लागू पडते हे ठाऊक नव्हते, एवढेच. तोफेने उडी घेतली की मी पाठ फिरवतो व भिंतीवरील दिनदर्शिका वाचतो. पहिला आठवडा तिने पाठीवर उड्या मारल्या. दुसऱ्या आठवड्यात थकली. आता ती समोर येऊन बसते व माझ्याकडे पाहते. मी तिच्याकडे पाहत नाही. मी पाहत नाही हे ती पाहते. असे आम्ही बराच वेळ बसतो. श्रद्धा म्हणाली, "आपलं लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं."

सकाळी सरकारी घाटापर्यंत फेरी होते. ती ओढते, मी थांबतो. पहिल्या दिवशी हरभट रोडवर एकाच विजेच्या खांबाशी वीस मिनिटे उभा होतो. तिघांनी थांबून सांगितले, "सर, बस इथं थांबत नाही." तिचे नाव मी उच्चारत नाही, घरातही नाही आणि रस्त्यावर तर नाहीच. भर गावभागात 'तोफ, तोफ' असे ओरडणाऱ्या मनुष्यास लोक वाट देतात, पण ती आदराने नव्हे.

हाताने भरवण्याचे आपले कलम मात्र मी पाळणार नाही. मी मनुष्यांनाही भरवत नाही.

आता मुख्य तक्रार. मी भोजनास पाटावर बसतो, ताटाभोवती पाणी फिरवतो आणि उजव्या बाजूस जमिनीवर भाताच्या पाच चित्राहुती ठेवतो. ही वडिलांपासूनची रीत. जेवणानंतर त्या चिमण्यांना जातात. ऐन संक्रांतीस तोफेने पाचही गिळल्या. यमाची आहुती, चित्रगुप्ताची आहुती, कोणाचीही भीड ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराचे दार लावले. दारापलीकडे असा आक्रोश झाला की शेजारी सांत्वनास आले. तेव्हापासून दार उघडे असते. आता मी 'चित्राय नमः' म्हणताच ती पाटाशेजारी बसते, पाचव्या 'सर्वेभ्यो भूतेभ्यो नमः'पर्यंत कानही हलवत नाही, आणि मग यजमानाच्या थाटात खाते. शास्त्रात चिमण्यांची सोय आहे, तोफांची नाही. हा प्रकार कसा बंद करावा?

गल्लीत आजच 'प्रभागाचे आशास्थान' वीरधवल याच्या नऊ फेब्रुवारीच्या वाढदिवसाचे फलक लागले. प्रत्येक फलकावर तो हात जोडून उभा आहे आणि समोर दुसऱ्या फलकावर पुन्हा तोच आहे. एवढा परस्परांविषयीचा आदर मी अन्यत्र पाहिलेला नाही.

डबा आलेला नाही.

---

सातारा
२९ जानेवारी २०२५

मास्तर, रामराम.

बंद करू नका. आवं, मी सांगितलं त्येच करताय की तुमी! जागा तीच, टाइम त्योच, शब्द त्येच. घास भुईव ठिवला म्हणून काय झालं? हात कुणाचा? आमच्याकडं 'बस' शिकवाय जवान महिनाभर घाम गाळत्यात. तुमी पाच नमः लावून बसवलंय. मी हितं चौघांस्नी वाचून दावलं, चौघं बी हसून लोळली. शब्द बदलू नका. आता तीच तुमची शिट्टी.

एक इचारतो. ती झोपती तवा तुमच्याकडं तोंड करून का पाठ करून? तोंड करून झोपत आसंल तर अजून पारा देतीया. दोनदा फसल्याली हाय ती. माणूस कवा उठंल आन गाडीत घालंल, ह्यावर डोळा ठिवती. कुत्रं पाठ त्यालाच दावतं, ज्याच्याकडनं वार येणार न्हाई. ती पाठ करून झोपली की काम झालं.

आन नऊ तारखेचं ध्यानात ठिवा. फटाक्याला ती लय भिती. मिरवणूक यायच्या आदी आतल्या खोलीत घ्या, कडी लावा. हसण्यावारी नेऊ नका.

डबा ध्यानात हाय.

आप्पासो

---

गावभाग, सांगली
१७ फेब्रुवारी २०२५

हवालदारसाहेब यांस,

पत्रास विलंब झाला. क्षमस्व. हा शब्द मी वर्षातून एकदा वापरतो. यंदाचा आपणास दिला.

या काळात उल्लेखनीय असे काही घडले नाही. वाढदिवस झाला. फटाके झाले. कुत्री आहे. झोपताना तोंड माझ्याकडे असते.

केवळ शास्त्रीय जिज्ञासेपोटी एक पृच्छा. फटाक्यांच्या आवाजाने एखाद्या कुत्र्याने काही काळ स्थलांतर केले, आणि तसे घडण्यास एखाद्या मनुष्याचा निव्वळ मूर्खपणा कारण असला, तर त्या कुत्र्याच्या मनात त्याविषयी किल्मिष राहते काय? आणि असा मनुष्य कुत्रे सांभाळण्यास पात्र समजावा काय? प्रश्न माझा नाही, ओळखीच्या एका गृहस्थांचा आहे. गृहस्थांना सर्दी झाली आहे.

डब्याविषयी आपले मौन आता आर्ष वाटू लागले आहे.

मु. गो. आठल्ये

---

सांगली
१९ फेब्रुवारी २०२५

आप्पासाहेब, सप्रेम नमस्कार.

मी सौ. श्रद्धा आठल्ये. हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. 'उल्लेखनीय काही घडले नाही' असं यांनी तुम्हाला लिहिलेलं मी टपालात टाकण्यापूर्वी वाचलं. पाकीट मीच चिकटवते.

नऊ तारखेला रविवार होता. अकराला मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली. मी म्हटलं, "अहो, तोफेला आत घ्या." हे म्हणाले, "थांब. आधी मी त्या माणसाकडे तुच्छतेने बघून येतो." अगदी याच शब्दांत. दार सताड उघडून, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. वीरधवल यांचाच विद्यार्थी. त्याला वाटलं सर स्वागताला उभे आहेत. तो उघड्या जीपमधून उतरला, "सर, आशीर्वाद द्या," म्हणत पाया पडला, आणि त्याच्या पोरांनी आनंदानं तिथेच, आमच्या उंबऱ्यापुढे, दहा हजारांची माळ लावली. तोफ यांच्या दोन पायांमधून गेली. मी बघत होते. तिचं पोट जमिनीला लागलं होतं.

हे तसेच मागे धावले. अनवाणी. आमराई झाली, स्टेशन झालं, माई घाट झाला. ज्यांनी महिनाभर घरात तिचं नाव घेतलं नाही, ते हरभट रोडच्या मधोमध "तोफ! ए तोफे!" असं ओरडत होते. मिरवणुकीतल्या पोरांनी व्हिडिओ काढला. तुम्हाला सांगते, त्या हाकेचा काही उपयोग नव्हता. यांच्या तोंडून तिनं ते नाव कधी ऐकलंच नव्हतं.

साडेचारला ती दिसली. सरकारी घाटाच्या टोकाला, पुलाच्या बाजूच्या दगडांत अंग चोरून बसली होती. आम्ही एक पाऊल पुढे टाकलं की ती पाण्याकडे सरकायची. मी म्हटलं, कुणाला तरी बोलावू या. यांनी ऐकलं नाही. घाटाच्या पायरीवर मांडी घालून बसले. मी जवळच्या दुकानातून भडंगाची पुडी आणली होती, ती मागून घेतली. कृष्णेचं पाणी ओंजळीत घेऊन भोवती फिरवलं, आणि चिमटी चिमटीनं भडंग पायरीवर ठेवत, भरल्या घाटावर, म्हणायला लागले. चित्राय नमः. चित्रगुप्ताय नमः. बायका कपडे धुवायच्या थांबल्या. तिसऱ्याला तिनं मान उचलली. चौथ्याला दगडावरून उतरली. पाचवा घास यांनी पायरीवर ठेवलाच नाही, तळहातावर धरला. तिनं तो तळहातावरूनच खाल्ला आणि तिथेच बसली.

आता काळजीचं सांगते. तुमचा परतीचा अर्ज यांनी आठ तारखेलाच भरून, तिकीट लावून ठेवला होता. मला वाटलं, आता फाडतील. फाडला नाही. परवा विचारलं तर म्हणाले, "तेव्हा ती मला नको होती म्हणून भरला होता. आता मी तिच्या योग्यतेचा नाही म्हणून पाठवीन. ज्या घरात दार उघडं ठेवणारा मूर्ख राहतो, तिथे ती सुरक्षित नाही." तुम्ही म्हणाला होतात, तिसऱ्यांदा परत आलेलं कुत्रं भिंतीकडे तोंड करून बसतं. ते वाक्य मी यांना दोनदा वाचून दाखवलं. हे उठून गच्चीवर गेले.

तुम्हाला काही सुचलं तर यांना लिहा. माझं नाव सांगू नका.

सौ. श्रद्धा

---

सातारा
२४ फेब्रुवारी २०२५

मास्तर, रामराम.

तुमच्या वळखीच्या गृहस्थास्नी सांगा, कुत्रं डूख धरत न्हाई. डूख माणूस धरतो, आन तो बी सोताव. आमच्या युनिटात एका हँडलरच्या हातनं पट्टा सुटला. त्याच्या बेसावधपणानं कुत्रं जखमी झालं. बरं झाल्याव हा शाणा सायबाकडं गेला आन म्हणाला, मी ह्या कुत्र्याच्या लायकीचा न्हाई, दुसऱ्याला द्या. सायबानं दिलं. त्याला वाटलं, लय मोठ्ठं मन दावलं आपण. कुत्रं नव्या माणसाच्या हातचं पाच दिवस जेवलं न्हाई. ते फाटकाकडं बघत बसायचं. त्याला लायकी कुटं कळती, मास्तर? त्याला एवडंच कळलं की आपला माणूस गेला. तो हँडलर कोण ते इचारू नका.

तीन मार्चला साठ दिवस भरत्यात. मी गाडी घेऊन सांगलीला येतो. न्यायची आसंल तर नीन. न्हाईतर एका वळीत कळवा, डिझेल वाचंल.

आन कुत्र्याला भडंग घालू नका. लसूण आसतो त्यात, बादतो.

डबा धाडलाय. आमच्या गावचा नाथाजी हळदीचा भाव बघाय सांगलीच्या मार्केट यार्डात चाललाय, त्याच्याकडं दिलाय. मोकळा धाडायची रीत न्हाई, म्हणून कंदी पेढं भरलं हायत.

आप्पासो शिंगटे

---

गावभाग, सांगली
२८ फेब्रुवारी २०२५

स्वस्ति श्री. भग्न-श्वान-हृदय-संधाता, परगृह-वार्ता-संग्राहक, डबा-विलंब-धुरंधर हवालदार (निवृत्त) आप्पासो शिंगटे यांस,

एका ओळीत कळवा, असे आपण लिहिता. एका ओळीत मी जांभईही देत नाही. तरी: गाडी आणू नये.

या निर्णयामागे कोणताही हळवेपणा नाही, याची नोंद घ्यावी. ही कुत्री अत्यंत सामान्य बुद्धीची आहे. तिला एखाद्या सुसंस्कृत कुटुंबात पाठवणे हा त्या कुटुंबावर अन्याय होईल. शिवाय ती भोजनापूर्वी पाच मंत्र ऐकल्याखेरीज आता अन्नास तोंड लावत नाही, आणि असे शुद्ध उच्चार सातारा जिल्ह्यात मिळतील याची मला शाश्वती वाटत नाही. स्वाक्षरी केलेला करार सोबत जोडला आहे. परतीचा अर्ज फाडला. त्यावरील तिकीट सोडवून याच पाकिटास लावले आहे. ते किंचित वाकडे असल्यास कारण समजावे.

भडंगाचा उल्लेख माझ्या १७ तारखेच्या पत्रात नाही. यावरून माझ्या घरात फितुरी आहे हे सिद्ध होते. फितुराने आणखी काय लिहिले ते मी विचारणार नाही आणि आपणही सांगू नये. ओळखीचे गृहस्थ त्या हँडलरच्या हकिकतीबद्दल आभारी आहेत. त्यांनी ती तीनदा वाचली. नंतर बाहेरच्या दारास आतून दुसरी कडी बसवून घेतली.

वीरधवल काल क्षमा मागण्यास आला होता. सोबत शाल, श्रीफळ आणि छायाचित्रकार. आठवीत असताना त्याला 'देव' शब्द चालवता येत नसे. आता तो प्रभाग चालवणार आहे. मी पाठ फिरवली व म्हणालो, "चारही पाय जमिनीवर आले की बोलेन." त्याला समजले नाही. तोफेला समजले; ती बसली.

आता एक गंभीर तक्रार. परवा दुपारपासून ही कुत्री माझ्या पाटाला टेकून झोपू लागली आहे, आणि तीही माझ्याकडे पाठ करून. मी आयुष्यभर अनेकांना पाठ दाखवली. मला इतक्या निर्धास्तपणे पाठ दाखवणारी ही पहिलीच. अपमान एवढा जिव्हारी लागला की काल जेवण झाल्यावर दीड तास मी पाटावरून हललो नाही. उजवा हात खरकटा तसाच वाळला. पाय अजून आखडलेला आहे. याविषयी आपण काही लिहू नये. आपण जानेवारीत लिहिलेले मला पाठ आहे.

राहता राहिला डबा. नाथाजीने तो आणून दिला. पेढे बरे होते. परंतु झाकण आमचे नव्हे. यावर 'कै. अंबूबाई यांच्या स्मरणार्थ' असे कोरलेले आहे. या कोण, हे मला ठाऊक नाही. त्यांच्या स्मृतीस माझे अभिवादन. परंतु त्यांचे झाकण आमच्या डब्यास बसत नाही. एका बाजूने दाबले की दुसऱ्या बाजूने उठते. नाथाजी म्हणतो, "मला दिला तसा आणला." श्रद्धा म्हणते, "वर ताटली ठेवा." डब्यात सध्या तोफेची बिस्किटे आहेत आणि ती झाकण नाकाने उघडते. सकाळपासून तीनदा उघडले. हे लिहीत असताना चौथ्यांदा पडल्याचा आवाज आला. आमचे झाकण कोणत्या डब्यावर आहे याचा आपण त्या सहाही खोल्यांतून तातडीने शोध घ्यावा, कारण तिकडेही ते बसत नसणार.